ऑफिसच्या जुन्या संगणकातून काय काढावं, काय ठेवावं

पतसंस्थेच्या काउंटरमागे, शाळेच्या कार्यालयात किंवा कर सल्लागाराच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात एक संगणक असा असतोच, जो कुणा एकाचा नसतो. सकाळी लिपिक त्यावर पावत्या काढतात, दुपारी हिशेबनीस टॅली उघडतात, मार्चअखेर ऑडिटरकडचा मुलगा त्याच्यासमोर ठाण मांडतो आणि संध्याकाळी कुणीतरी मुलीच्या परीक्षेचा अर्ज भरून त्याची प्रिंट काढून घेतं. पासवर्ड सगळ्यांना पाठ असतो. आठ-दहा वर्षांत या संगणकात इतकं काही टाकलं जातं की सकाळी बटण दाबल्यावर काम सुरू व्हायला बराच वेळ जातो. मग दोन सल्ले मिळतात. एक, "नको ती सॉफ्टवेअर काढून टाका." दुसरा, "सरळ फॉरमॅट मारा." दुसरा सल्ला सोपा वाटतो, पण फॉरमॅटमध्ये डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर, प्रिंटरची सेटिंग आणि जुने मराठी फॉन्ट यांच्यासकट सगळंच जातं आणि ऑफिस पुढे कित्येक दिवस एकेक गोष्ट शोधत बसतं. पहिला सल्ला योग्य आहे. मात्र तो विचार करून अमलात आणावा लागतो.

घरच्या संगणकावर काय नको ते आपलं आपल्याला माहीत असतं. सामायिक संगणकावर प्रत्येक सॉफ्टवेअरबद्दल दोन गोष्टी शोधून काढाव्या लागतात. ते ऑफिसात कोण वापरतं? आणि ते बनवणारी कंपनी त्यातले दोष अजून दुरुस्त करते का? संगणक वेगवान होईल का, हा प्रश्न माझ्या मते त्यानंतरचा आहे. लोक वेगासाठी सफाई करायला बसतात, पण खरा फायदा सुरक्षिततेचा होतो.

आधी यादी पाहू. विंडोज १० मध्ये स्टार्ट बटणावर उजवी क्लिक केली की सगळ्यात वर 'अ‍ॅप्स अँड फीचर्स' ही ओळ येते. ती उघडली की संगणकात टाकलेलं सगळं समोर येतं, आणि ही यादी नावानुसार, आकारानुसार किंवा टाकल्याच्या तारखेनुसार लावता येते. तारखेनुसार लावून पाहणं सगळ्यात उपयोगाचं, कारण त्यातून संगणकाचा इतिहास कळतो. सगळ्यात जुन्या तारखेला संगणक कंपनीनं भरून दिलेले खेळ आणि फोटो दाखवणारी सॉफ्टवेअर दिसतात. मग एखाद्या प्रिंटरचा सगळा जामानिमा, आणि तो प्रिंटर ऑफिसातून कधीच भंगारात गेलेला असतो. जावाच्या दोन-तीन आवृत्त्या असतात. मुदत संपलेला एक अँटिव्हायरस आणि त्याच्या उरावर नवा दुसरा. पीडीएफ वाचणारी तीन सॉफ्टवेअर, ब्राउझरच्या डोक्यावर बसणारे टूलबार आणि 'तुमचे ड्रायव्हर जुने झाले आहेत' अशी भीती घालत राहणारं एखादं.

यातलं बरंचसं कुणी जाणूनबुजून टाकलेलं नसतं. फुकट सॉफ्टवेअर टाकताना मध्येच एक खिडकी येते, तिच्यात एका चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली असते आणि घाईत आपण 'नेक्स्ट' दाबतो. जावाच्या इन्स्टॉलरमधून आस्क नावाचा टूलबार अनेक वर्षं असाच येत असे. अ‍ॅडोबीचं फ्लॅश प्लेअर उतरवताना मॅकॅफीचं सिक्युरिटी स्कॅन प्लस सोबत यायचं. ऑफिसात "हे कुणी टाकलं?" असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे पाहतात ते यामुळेच. कुणीच खोटं बोलत नसतं.

कंपनीनं आधीच भरून दिलेल्या सॉफ्टवेअरकडे लोक निरुपद्रवी म्हणून दुर्लक्ष करतात. लेनोवोचं प्रकरण त्यासाठी माहीत असायला हवं. २०१४ च्या उत्तरार्धात विकलेल्या काही लॅपटॉपमध्ये लेनोवोनं सुपरफिश नावाचं जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. बँकेच्या किंवा कुठल्याही सुरक्षित संकेतस्थळाच्या पानावरही आपल्या जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्यानं विंडोजमध्ये स्वतःचं एक मूळ प्रमाणपत्र बसवलं होतं. ब्राउझरला अमुक संकेतस्थळ खरं आहे असं सांगण्याचा अधिकार ज्यांच्याकडे असतो, त्यांच्या पंक्तीत ते प्रमाणपत्र जाऊन बसलं. त्यावर कडी म्हणजे सगळ्या लॅपटॉपवर त्याची गुप्त किल्ली एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीला आलं आणि जाणकारांनी ती किल्ली लगेच शोधूनही काढली. म्हणजे एकाच कॅफेतल्या वायफायवर बसलेल्या कुणालाही बँकेचं खोटं पान खरं म्हणून दाखवणं शक्य होतं. सुरुवातीला सुपरफिश काढून टाकलं तरी प्रमाणपत्र जागेवरच राहत होतं. भाडेकरूनं खोली सोडावी आणि किल्ली मात्र त्याच्याकडेच राहावी तसं. पुढे लेनोवोनं प्रमाणपत्रासकट सगळं काढणारं साधन दिलं. सॉफ्टवेअर काढणं म्हणजे त्यानं केलेले सगळे बदल उलटवणं नव्हे, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसतं.

आता वेगाबद्दल. हार्ड डिस्कवर नुसतं पडून असलेलं सॉफ्टवेअर संगणकाला संथ करत नाही. डिस्क अगदी काठोकाठ भरली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी दोनशे मेगाबाइटचं एखादं सॉफ्टवेअर वर्षभर उघडलंच नाही तर ते फक्त जागा अडवतं. संगणक संथ करतं ते चालू असलेलं सॉफ्टवेअर. विंडोज सुरू होताना आपोआप सुरू होण्याचे अनेक मार्ग आहेत. स्टार्टअपच्या यादीत नाव घालणं हा एक. पडद्यामागे चालणारी 'सर्व्हिस' म्हणून बसणं हा दुसरा. ठरावीक वेळी जागं होणारं 'शेड्यूल्ड टास्क' हा तिसरा. चार जीबी रॅमच्या संगणकात प्रिंटरची शाई मोजणारं एक, नवी आवृत्ती आली का हे तपासणारी चार-पाच, ऑनलाइन फोल्डर जुळवणारं एक आणि दोन अँटिव्हायरस असे सगळे एकदम जागे झाले की रॅम संपते. मग विंडोज रॅममधला मजकूर हार्ड डिस्कवर ठेवायला लागतं, आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क त्या कामाला फार मंद असते.

म्हणून वेग हवा असेल तर काही काढण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि त्यातला 'स्टार्टअप' हा भाग पाहावा. हा भाग विंडोज ८ पासून तिथे आहे. एखाद्या ओळीवर उजवी क्लिक करून 'डिसेबल' केलं की ते सॉफ्टवेअर आपोआप सुरू होणं थांबतं, पण संगणकातून जात नाही. काही अडलं तर परत 'एनेबल' करता येतं. पहिल्या दिवशी एवढंच करून थांबावं आणि आठवडाभर ऑफिसचं काम चालू द्यावं. कुणाचं काय अडतं ते या आठवड्यात कळतं, आणि कुणाचंही कायमचं नुकसान होत नाही. याहून खोल जायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स हे फुकट साधन आहे. ते मूळचं सिसइंटर्नल्सचं, मार्क रुसिनोविच आणि त्यांच्या जोडीदारानं बनवलेलं. मायक्रोसॉफ्टनं सिसइंटर्नल्स २००६ मध्ये विकत घेतलं. ऑटोरन्समध्ये आपोआप सुरू होण्याच्या सगळ्या जागा एकत्र दिसतात. पण ती यादी लांबलचक असते, आणि ज्याचं नाव ओळखीचं नाही त्याला हात लावू नये.

दोन अँटिव्हायरसबद्दल मात्र थांबून पाहायची गरज नाही. प्रत्येक अँटिव्हायरस उघडली जाणारी प्रत्येक फाइल मध्येच अडवून तपासतो. दोन असले की एकच फाइल दोनदा अडते, आणि कधी दोघे एकमेकांनाच संशयानं पाहतात. मुदत संपलेला आधी काढावा. नेहमीच्या पद्धतीनं निघत नसेल तर त्याच कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर तो काढण्याचं साधन आहे का ते पाहावं. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर असतोच. दुसरा काढला की तो आपोआप कामाला लागतो. लहान ऑफिसला तो पुरतो असं माझं मत आहे, पण विंडोजचे अपडेट येत असतील तरच.

आता सुरक्षिततेकडे वळतो, कारण खरी निकड तिथे आहे. विनरार हे दाबून लहान केलेल्या फाइली उलगडणारं सॉफ्टवेअर आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या संगणकात सापडतं. चाळीस दिवसांची चाचणी मुदत संपली तरी ते चालत राहतं, त्यामुळे कुणी ते काढत नाही आणि नवी आवृत्तीही टाकत नाही. ते स्वतःहून अपडेट होत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी विनरारमधला एक दोष जाहीर केला. एसीई नावाच्या जुन्या प्रकारच्या फाइली उलगडण्यासाठी त्यात एक छोटा भाग होता आणि त्या भागातला दोष तब्बल १९ वर्षं कुणाच्या लक्षात आला नव्हता. हल्लेखोरानं बनवलेली फाइल ईमेलनं यायची. आपण ती उलगडली की आतली एक फाइल आपण निवडलेल्या फोल्डरऐवजी गुपचूप विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरात जाऊन पडायची. त्या वेळी काहीच घडायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केला की ती चालू व्हायची. विनरारनं ५.७० या आवृत्तीत एसीईची सोयच काढून टाकली. पण ज्याच्या संगणकात ४.२० आहे त्याला ती दुरुस्ती कशी मिळणार? २०२५ मध्ये पुन्हा याच धर्तीचा दोष सापडला आणि तो ७.१३ मध्ये दुरुस्त झाला. ऑफिसच्या संगणकात जुनं विनरार दिसलं तर ते काढावं, किंवा निदान नवी आवृत्ती टाकावी. नुसत्या फाइली उलगडायला सेव्हन-झिप हे फुकट सॉफ्टवेअरही पुरेसं आहे, तेही वेळोवेळी नवं करायला हवं एवढंच.

असंच फ्लॅश प्लेअरचं. अ‍ॅडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा पाठिंबा थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काही चालणंच बंद केलं. मायक्रोसॉफ्टनं एका अपडेटमधून फ्लॅश काढलंही, पण विंडोजसोबत आलेलंच. आपण अ‍ॅडोबीकडून वेगळं उतरवून टाकलेलं फ्लॅश त्या अपडेटनं जात नाही. ते हातानं काढावं लागतं. विंडोजवरच्या क्विकटाइमची दुरुस्ती अ‍ॅपलनं २०१६ मध्ये थांबवली आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारच्या संगणक सुरक्षा यंत्रणेनं ते काढून टाकण्याचा सल्ला दिला. आजही प्रशिक्षणाच्या जुन्या सीडीबरोबर आलेलं क्विकटाइम संगणकांत दिसतं. कंपनीच ज्याची काळजी घेत नाही ते सॉफ्टवेअर ठेवायला फार सबळ कारण हवं, आणि फ्लॅश किंवा क्विकटाइमसाठी ते कारण आता कुठल्याही ऑफिसात उरलेलं नाही. ही दोन्ही कुणाला न विचारता काढावीत.

बाकीच्या बाबतीत मात्र विचारावं. तेही 'हे काढू का?' असं मोघम नको, कारण त्यावर "काढा की" असंच उत्तर मिळतं. यादीची प्रिंट काढावी, ती टेबलावर ठेवावी आणि प्रत्येकानं आपण वापरतो त्या नावासमोर आद्याक्षर करावं. हिशेबनीस बाई म्हणतात, "त्या निळ्या चिन्हाचं नाव मला माहीत नाही, पण टीडीएस त्यातच करतो आम्ही." मग त्यांच्यासमोर बसून ते उघडून घ्यावं आणि त्याचं यादीतलं नाव शोधावं. जे काम वर्षातून एकदा किंवा तीन महिन्यांतून एकदा होतं, त्याचं सॉफ्टवेअर या यादीत हमखास सुटतं, म्हणून ऑडिट, टीडीएस, निविदा आणि वार्षिक सभा ही चार कामं नाव घेऊन विचारावीत.

जावाचंच पाहा. ब्राउझरच्या आत चालणारं जावा संपलं. क्रोमनं २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सनं २०१७ मध्ये त्याची वाट बंद केली. त्यामुळे 'जावा आता लागत नाही, काढा' असं सर्रास सांगितलं जातं. पण टीडीएस विवरणपत्र तयार करण्याचं आरपीयू हे साधन आणि त्याची फाइल तपासणारं एफव्हीयू हे जावावरच चालतात. काढलं तर तिमाही विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी काम अडतं. अशा ऑफिसात सगळ्यात नवी चालणारी एक आवृत्ती ठेवावी, जुन्या काढाव्यात आणि लगेच आरपीयू उघडून पाहावं. डिजिटल सहीचंही तसंच. सहीचं टोकन ज्या प्रकारचं, त्याचाच ड्रायव्हर लागतो. जुनं टोकन गेलं, नवं आलं, पण यादीत दोघांचे ड्रायव्हर राहतात. आज वापरात असलेलं टोकन हातात घेऊन त्यावरचं नाव वाचावं, मगच दुसरा काढावा.

टॅली काढायची वेळ आली तर घाई अजिबात करू नये. जुन्या आवृत्त्यांत कंपन्यांचा डेटा टॅलीच्याच फोल्डरात असे. लायसन्स दुसऱ्या संगणकावर न्यायचं असेल तर आधी ते या संगणकावरून सरेंडर करावं लागतं. आणि २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार कंपन्यांना हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. टॅली ७.२ मधल्या जुन्या वर्षांचा डेटा नव्या आवृत्तीत उघडतो का, हे पाहिल्याशिवाय जुनीला हात लावू नये.

मराठी ऑफिसांत एक वेगळाच गुंता असतो, आणि तो परक्या मार्गदर्शकांत कधीच सापडत नाही. युनिकोड रुळण्याआधी आपली सगळी पत्रं, इतिवृत्तं आणि नोटिसा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएममध्ये, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीमध्ये किंवा आकृतीमध्ये टाइप होत असत. या सॉफ्टवेअरच्या फॉन्टची गंमत अशी की फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेलं नसतंच. साठवलेला असतो इंग्रजी अक्षराचा क्रमांक, आणि फॉन्ट त्या क्रमांकावर मराठी आकार काढून दाखवतो. कृतीदेव हा फॉन्ट घ्या. त्यात 'काम' हा शब्द लिहिला की फाइलमध्ये डी, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरं जातात. डीच्या जागी क, केच्या जागी काना आणि ईच्या जागी म दिसतो. फॉन्ट संगणकातून गेला की वर्ड त्याऐवजी दुसरा एखादा फॉन्ट वापरतं आणि पडद्यावर ती तीन इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. २००६ च्या वार्षिक सभेचं सगळं इतिवृत्त असं निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग होऊन बसतं. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट परत टाकला की मजकूर परत येतो. पण तो फॉन्ट कोणता होता हे सांगणारं माणूस तोवर निवृत्त झालेलं असतं.

म्हणून टंकलेखनाचं सॉफ्टवेअर आणि त्याचे फॉन्ट यांचा विचार वेगवेगळा करावा. टाइप करायला ते सॉफ्टवेअर आता लागत नाही. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आहेच, आणि २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये इंग्रजी अक्षरांच्या उच्चारानुसार मराठी उमटवणारा फोनेटिक कळफलकही आला आहे. ज्या सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉकचा डोंगल लागतो आणि तो डोंगल कधीच हरवलाय, ते ठेवून काय करायचं? मात्र काढण्याआधी कंट्रोल पॅनेलमधल्या फॉन्ट्स फोल्डरातून त्याच्या फॉन्टच्या फाइली दुसरीकडे कॉपी करून घ्याव्यात, कारण सॉफ्टवेअर जाताना ते सोबत नेऊ शकतं. फॉन्टची एक फाइल फार लहान असते. तिच्यानं संगणक संथ होत नाही. सॉफ्टवेअर काढल्यावर त्या परत टाकाव्यात. महत्त्वाची कागदपत्रं सवडीनं युनिकोडमध्ये रूपांतरित करावीत, आणि जी नुसती वाचायचीच आहेत त्यांची पीडीएफ करून ठेवावी. पीडीएफमध्ये सहसा फॉन्ट आतच बसवला जातो.

आता प्रत्यक्ष काढण्याबद्दल. डेस्कटॉपवरचं चिन्ह रीसायकल बिनमध्ये टाकलं म्हणजे सॉफ्टवेअर गेलं, असा समज अजून फार ठिकाणी आहे. ते चिन्ह फक्त वाट दाखवणारी पाटी असते. दुसरी चूक याहून वाईट: प्रोग्रॅम फाइल्समध्ये जाऊन त्या सॉफ्टवेअरचं फोल्डरच उडवणं. सॉफ्टवेअर टाकताना ते विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंद करतं की मला काढायचं झालं तर अमुक फाइल चालवा. 'अनइन्स्टॉल' दाबल्यावर विंडोज तीच फाइल चालवतं. फोल्डर हातानं उडवलं की काढणारी फाइलही त्यासोबत जाते. सर्व्हिस, स्टार्टअपची नोंद आणि यादीतलं नाव मात्र मागे राहतात. विंडोज फोल्डरच्या आत 'इन्स्टॉलर' नावाचं एक लपवलेलं फोल्डर असतं. जागा करायची म्हणून काही जण तेही रिकामं करतात. अनेक सॉफ्टवेअर काढायला आणि अपडेट करायला लागणाऱ्या फाइली तिथेच असतात, त्यामुळे नंतर मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं पॅकेज ना अपडेट होतं, ना निघतं. यादीतली व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबलची पाच-सहा नावं पाहूनही हात शिवशिवतात. ती एकाच गोष्टीच्या प्रती वाटतात, पण वेगवेगळ्या सॉफ्टवेअरला वेगवेगळ्या वर्षांची आवृत्ती लागते. ती राहू द्यावीत. डॉटनेट आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हरही राहू द्यावेत.

सुरुवात करण्याआधी डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि सिस्टिम रिस्टोअर चालू आहे का ते पाहून एक रिस्टोअर पॉइंट करावा. मग एका वेळी एकच सॉफ्टवेअर काढावं, संगणक पुन्हा सुरू करावा, प्रिंट आणि सही चालते का ते पाहावं. एका बैठकीत वीस सॉफ्टवेअर काढली आणि प्रिंटर बंद पडला, तर दोष कुणाचा ते शोधता येत नाही.

एकाच संगणकावर वेगवेगळी खाती असतील तर एका खात्यातली यादी पुरी नसते. काही सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी न बसता टाकणाऱ्याच्याच अ‍ॅपडेटा फोल्डरात बसतात; झूम आणि टीम्सची जुनी आवृत्ती अशी बसत असे. ती दुसऱ्याच्या यादीत दिसत नाहीत, म्हणून प्रत्येकाला आपल्या खात्यात शिरून पाहायला सांगावं. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती हा सगळ्यात मोठा अडगळीचा साठा. ती काढताना यूझर्समधलं फोल्डर थेट उडवू नये. सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये 'यूझर प्रोफाइल्स' आहे, तिथून काढावं, नाहीतर रजिस्ट्रीतली नोंद उरते आणि तेच खातं पुन्हा उघडलं की तात्पुरतं प्रोफाइल मिळतं. त्याआधी त्या माणसाच्या डॉक्युमेंट्समध्ये आउटलुकची ईमेल फाइल आहे का तेही पाहावं. आणि ब्राउझर तपासावा. क्रोममध्ये कुणाचं तरी खासगी जीमेल खातं उघडं असतं, त्याच्यासोबत त्याची एक्स्टेन्शन आणि पासवर्ड येतात, आणि ऑफिसच्या बँकेचा पासवर्डही त्याच्याच खात्यात साठत असतो.

एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखी दुरून संगणक चालवणारी सॉफ्टवेअर काढावीत असं मी आग्रहानं सांगेन. सॉफ्टवेअर विकणारा माणूस मदतीसाठी ती टाकतो आणि कायमचा पासवर्ड ठेवून जातो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना एनीडेस्कचा वापर करून होणाऱ्या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. मदत लागेल तेव्हा ते पाच मिनिटांत परत टाकता येतं. काम झालं की काढता येतं.

या सगळ्यासाठी 'क्लीनर' म्हणून मिळणारं सॉफ्टवेअर आणू नये. सीक्लीनर हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हल्लेखोरांनी ते बनवणाऱ्या कंपनीच्याच यंत्रणेत शिरून ५.३३ या आवृत्तीत घातक कोड मिसळला आणि सुमारे २२.७ लाख संगणकांवर तो अधिकृत वाटेनं पोचला. रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, आणि रजिस्ट्रीतल्या काही हजार अनाथ नोंदी गेल्यानं वेगात जाणवेल असा फरक पडतही नाही. विंडोजमधलं डिस्क क्लीनअप किंवा स्टोरेज सेन्स पुरतं. डाउनलोड्स फोल्डरावर खूण नाही ना, एवढं मात्र आधी पाहावं, कारण सामायिक संगणकावर लोकांची अर्धी कागदपत्रं तिथेच पडलेली असतात.

सफाईनंतर रोजच्या वापरासाठी प्रत्येकाला साधं, म्हणजे स्टँडर्ड खातं द्यावं आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड एका जबाबदार माणसाकडे ठेवावा. नाहीतर वर्षभरात यादी पुन्हा तेवढीच होते. एवढं करूनही संगणक रखडत असेल तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. जुन्या संगणकात एवढा फरक दुसऱ्या कशानंही पडत नाही.

विंडोज १० ला मात्र सफाई वाचवू शकत नाही. मायक्रोसॉफ्टनं त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा असेल तर बहुतेक आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१५ च्या आसपास घेतलेला संगणक त्यात बसत नाही. जादा मुदतीचे सुरक्षा अपडेट नोंदवून घेतले नसतील, तर स्वच्छ केलेल्या अशा संगणकावर पावत्या काढा, पत्रं टाइप करा, जुना टॅली डेटा पाहा. पण बँकेचे व्यवहार आणि डिजिटल सही त्यावरून आजच हलवा.